आधी ब्रेक, मग इंजिन

पत्र : मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी, वय ३८. बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून गाडी गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. लहानपणी बाबा गाडीखाली असायचे आणि मी पाने द्यायचो. आता ती स्वतःच्या हातानं दुरुस्त करावी, हाच छंद धरावा, असं मनात आहे. ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनाचं बारीकसारीक काम मी करतो. गावातल्या मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच सांगितलं, "इंजिन उतरवा लागते, साठ हजार धरून चाला." पुण्याचा भाऊ म्हणतो, "कायले मातीत पैसे घालतं, भंगारात दे." आई म्हणते, "तुया बाबाची निशाणी हाय, राहू दे." येत्या रविवारी मित्र बॅटरी घेऊन येणार आहेत, एकदा स्टार्टर मारून पाहू म्हणतात. पाहू का? नाही तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : भाऊ, आधी घाईचं सांगतो. रविवारी बॅटरी लावू नका. मित्रांना चहाला बोलवा, गाडी दाखवा, पण स्टार्टरला हात लावू देऊ नका.

नऊ वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल केव्हाच खाली उतरलेलं असतं. पिस्टनवरच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजानं धरलेल्या असू शकतात. तशात स्टार्टरनं झटका दिला तर रिंग तुटते, बोअरला ओरखडा पडतो, आणि जे काम करावं लागलं नसतं ते खरंच करावं लागतं. दुसरी भीती वायरिंगची. शेतातल्या शेडमध्ये उंदीर असतातच आणि वायरीवरचं आवरण त्यांनी कुरतडलेलं असतं. बॅटरी जोडली की उघडी तार पत्र्याला टेकते आणि ठिणगी पडते. तुमची शेड गोठ्याला लागून आहे, म्हणजे जवळपास सुकं कुटार, चारा असणार, जनावरं बांधलेली असणार. त्या जागी ही परीक्षा घ्यायची नाही.

तुमचा मुख्य प्रश्न सुरुवातीचा आहे. माझं मत ठाम आहे : सुरुवात ब्रेकपासून करा. लोक इंजिनापासून सुरू करतात, कारण आवाज ऐकायची ओढ असते. पण एकदा इंजिन सुरू झालं की गाडी शेडमध्ये राहत नाही. कोणीतरी म्हणतं, फाट्यापर्यंत जाऊन येऊ. चार जण बसतात आणि नऊ वर्षं जुन्या रबरावर भरवसा ठेवून गाडी डांबरी रस्त्यावर जाते. ही वेळच येऊ द्यायची नाही. चारही चाकं थांबवता येत नाहीत तोवर टाकीत पेट्रोल नको.

दुसरी गोष्टही इतकीच महत्त्वाची. एका वेळी एकच काम उघडा आणि ते बंद करूनच दुसरं हाती घ्या. विदर्भात कितीतरी गावांत अर्धवट उघडलेल्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि जीप पडलेल्या दिसतात. त्यांतल्या बहुतेक बिघाडानं मेलेल्या नाहीत. हौसेनं सगळं एकदम खोललं, पेरणी आली, मग निंदणी, मग वेचणी. नट-बोल्ट कोणत्या डब्यात होते ते विसरायला झालं आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर गेल्या. तुमची गाडी आज बंद असली तरी अख्खी आहे, आणि ते मोठं भांडवल आहे.

पहिल्या दिवशी फक्त पाहा. शेडचं दार उघडून उजेड येऊ द्या. बॉनेट, डिक्की, दारं लांब काठीनं उघडा, सीटखाली हात घालू नका. पावसाळ्यात आणि नंतरही अशा ठिकाणी मण्यार, घोणस, विंचू असतात. एअर क्लीनरचं झाकण काढून उंदराचं घर आहे का बघा. मोबाइलनं प्रत्येक वायर, प्रत्येक नळीचा फोटो काढा.

आता ब्रेक. काळ्या मातीच्या जमिनीवर जॅक लावू नका, तो एका बाजूला बसतो. खाली जाड सागवानी फळी किंवा सिमेंटची फरशी हवी. बाकीच्या चाकांमागे दगड लावा. गाडी उचलली की लोखंडी घोडीवर ठेवा. विटांवर कधीच नाही; वीट आधी काही न सांगता फुटते. एक चाक काढा. ब्रेकचा ड्रम गंजानं धरला असेल तर अ‍ॅडजस्टर सैल करून कडेला लाकडाचा तुकडा धरून हळूहळू ठोका. ड्रम निघताना आत काळी भुकटी दिसेल. ती फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि तो छातीत बसतो. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. या वेळी पोरं जवळ नकोत.

आत वरच्या बाजूला बोटाएवढा व्हील सिलिंडर दिसेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या. एक टोपी नखानं उचला. आत ओलं लागलं तर ब्रेक ऑइल अडवणारा रबरी कप गळतोय. कोरडं असून तपकिरी पूड पडली तर पिस्टन अडकलाय. पिस्टन बाहेर काढा, बोअर स्वच्छ ब्रेक ऑइलनं धुवा आणि आतून नख फिरवा. नख गुळगुळीत फिरलं तर नुसतं रबरी किट बदलून भागेल. नखाला खड्डा लागला तर नवा कप तिथं आठवडाभरही टिकणार नाही. सिलिंडर नवा घ्या, नाही तर लेथवर काम करणाऱ्या चांगल्या टर्नरकडून आत स्लीव्ह बसवून घ्या. हे भाग पेट्रोल, डिझेल, रॉकेलनं धुवायचे नाहीत, ग्रीसही लावायचं नाही. त्यानं ब्रेकचं रबर फुगतं. ट्रॅक्टरवर काम करणाऱ्याचा हात डिझेलच्या डब्याकडे आपोआप जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

एका बाजूचं चाक पूर्ण बसवल्याशिवाय दुसऱ्या बाजूचं उघडू नका. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे दुसरी बाजू दाखवते. चारही झाले की मास्टर सिलिंडर (पेडलनं दाबला जाणारा मुख्य सिलिंडर), मग रबरी होज पाइप. होज बाहेरून कितीही चांगले दिसू देत, बदलाच. आतून ते फुगून बंद होतात, पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही. तुमच्या गाडीत चारही चाकांना एकच सर्किट असेल तर एक नळी फुटल्यावर पेडल सरळ जमिनीला टेकतं. लोखंडी नळ्याही गंजल्यात का ते हात फिरवून बघा. शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून लगेच बंद करायचं, मग पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू द्या. घरातल्या कोणालाही या कामाला बसवता येतं. बाबांना पाने देण्यापेक्षा हे जबाबदारीचं काम आहे.

मिस्त्रीच्या साठ हजारांबद्दल. त्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. नऊ वर्षं उभी गाडी म्हटल्यावर तो अनुभवानं बोलला असेल. पण इंजिन उतरवायचं की नाही, हे इंजिनच सांगतं. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. प्लग न लावताच गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि हळूच मागे-पुढे ढकला. इंजिन फिरलं तर अर्धी चिंता गेली. नाही फिरलं तर जोर करू नका, आणखी ऑइल, आणखी चार दिवस. सुटं झाल्यावर सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, जुनं ऑइल काढा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. नवीन ऑइल भरलं आणि वायरिंग तपासून झालं, की मगच बॅटरी.

मग कॉम्प्रेशन गेज लावा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर. तालुक्याच्या गॅरेजात मिळतं, मागून आणा. सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि एकेका सिलिंडरचा आकडा वहीत लिहायचा. चारही आकडे जवळपास सारखे आहेत का हे महत्त्वाचं. एखादा फार कमी आला तर त्या भोकात एक चमचा ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंग-बोअरचा. चढला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा, आणि तेवढ्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही, वरून हेड काढून काम होतं. शेजारचे दोन एकदम कमी आले तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता जास्त. हे इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधं आणि हात पोचेल असं आहे. घरच्या हत्यारांवर शिकायला याहून चांगलं इंजिन मिळणं कठीण.

आता पाण्याचं. तुम्ही दर्यापूरचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत खारं आहे, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण घरच्या बोअरचं पाणी पिकाला चालत नाही हे जाणणारा माणूस तेच पाणी रेडिएटरमध्ये बिनधास्त ओततो. त्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांत बसतो. नळी बंद होते, लोखंड आतून खाल्लं जातं, ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या गळायला लागतात. मेमध्ये अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अशी गाडी हमखास उकळते आणि लोक इंजिनाला दोष देतात. बाबांच्या काळात कोणतं पाणी घातलं गेलं ते आईला विचारा. रेडिएटर उतरवून कारागिराकडून टाकी उघडून आतून रॉड मारून घ्या. ब्लॉकमधून दोन्ही दिशांनी पाणी सोडून धुवा, त्याला छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी चालेल. भरताना मात्र डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. थर्मोस्टॅट कोणी काढून फेकला असेल तर परत बसवा. उष्ण भागात तो नकोच, असं गॅरेजात सांगतात. ते मला पटत नाही. हिवाळ्यात इंजिन बराच वेळ थंडच राहतं आणि झीज वाढते.

पेट्रोलचंही आता वेगळं झालंय. २०२५ पासून जवळजवळ सगळ्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या टाकीच्या भिंतीवरचा चिकटा सोडवून कार्बोरेटरमध्ये आणतं आणि जुन्या रबराला फुगवतं. घाबरून जाऊ नका, पण तयारी ठेवा. टाकी उतरवून जुनं पेट्रोल काढा, आतून धुऊन वाळवा. भोक असेल तर रिकामी टाकी वेल्डिंगला नेऊ नका. पेट्रोल नसलं तरी वाफ असते आणि टाकी फुटून माणसं दगावतात. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या, फ्युएल पंपाचा पडदा बदला, पारदर्शक फिल्टर लावा. कार्बोरेटर उघडलात तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घालू नका, भोक मोठं होतं. फुंकून आणि हवा मारून साफ करा. गाडी फुस्कारे मारायला लागली, प्लगची टोकं पांढरट पडली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तेव्हा मोठा जेट जाणकाराकडून बसवून घ्या. पेट्रोल थोडंच भरा आणि महिनाभरात संपवा.

उन्हाळ्यात दुपारी चालता चालता गाडी बंद पडेल. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप नुसता फडफडतो. फ्युएल पंपावर ओला फडका टाकून पंधरा मिनिटं थांबायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय खरोखर चालतो. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. कायमचं करायचं असेल तर नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून वळवा आणि पंपाखालचा उष्णता अडवणारा जाड तुकडा जागेवर आहे का ते पाहा.

पॉइंटचं, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या संपर्क-टोकांचं, थोडक्यात. टोकं काळी पडलेली असतील. बारीक पॉलिश पेपरनं पुसा, कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडा असताना फिलर गेज घाला. साधारण ०.४ ते ०.५ मिमी. गेजची पाती घट्टही नको, सैलही नको, सरकताना किंचित अडली पाहिजे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. प्लगच्या वायरी काढण्याआधी नंबर घाला.

आता भावाचं. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, शिवाय कागदावर त्यांचा हक्कही आहे. गाडी अजून बाबांच्या नावावर असेल तर ती वारसांची आहे. पैसे घालण्याआधी आई आणि भावाची लेखी संमती घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१ घेऊन अमरावतीच्या आरटीओत नाव बदला. आरसी बुक सापडत नसेल तर दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६. गाडी १९८९ च्या आधीची आहे, नंबर जुन्या तीन अक्षरी पद्धतीचा असणार. असे नंबर कधी कधी संगणकावर चढलेलेच नसतात, ते आधी विचारा. नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची असते. त्याचं केंद्राचं शुल्क मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० रुपये झालं. वर पर्यावरण कर आणि उशिराचं शुल्क. विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबर प्लेटही लागेल. व्हिंटेज म्हणून नोंदणी होते ती पन्नास वर्षं झालेल्या गाडीची, तुमची त्यात २०३६ ला बसेल. आणि जुन्या गाड्यांवर वयाची बंदी आली असं गावात कोणी म्हणालं, तर ती दिल्ली परिसराची गोष्ट आहे. आपल्याकडे वयावरून गाडी जप्त होत नाही; फिटनेस आणि कागद हवेत.

हा सगळा खर्च जोडून भावाला कळवा, लपवू नका. ही गुंतवणूक नाही, विकून पैसे परत येतील असं त्यांना सांगू नका. हा तुमचा छंद आहे आणि त्याला मर्यादा तुम्हीच घालायची. पेरणीचे, खताचे, पीककर्जाचे पैसे या गाडीला लागता कामा नयेत. दिवाळीनंतर पहिली वेचणी विकली की घरात बसून रक्कम ठरवा. ती संपली की पुढच्या वर्षापर्यंत नुसता हात फिरवा, पुसा, वाचा, मोजा. पहिल्या वर्षी ब्रेक, टायर आणि टाकी एवढंच पुरे आहे. टायरवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. बाबांच्या वेळचे टायर असतील तर नक्षी कितीही खोल असो, बदला.

पार्टबद्दल खरं सांगतो. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून तयार होत होती, आधी फियाट नावानं, मग पद्मिनी. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पार्टला तोटा नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी मुदत संपून बंद झाली. आता शोधावं लागतं. नागपूर-अकोल्यात जुन्या दुकानदारांकडे "फियाटचा माल" म्हणून विचारा, दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात बरंच मिळतं. जुना पार्ट सोबत न्या आणि नवा बसल्यावरही जुना फेकू नका. बूश, पिन, स्लीव्ह यासाठी आपल्या तालुक्याचा टर्नर हाच मोठा आधार आहे.

आणि त्या मिस्त्रीशी संबंध तोडू नका. त्याला म्हणा, "काका, काम मी करतो, तुम्ही बाजूला बसून सांगा, दिवसाची मजुरी देतो." बहुतेकांना हे कोणी विचारलेलंच नसतं. जुन्या कार्बोरेटरवर कान लावून मिश्रण ओळखणारी माणसं आपल्या भागात आता मोजकी उरली आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायचं तर आताच.

पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, खालून ओल येते ती आत कोंडते. सुती कापड टाका. मडगार्डच्या आत चिकटलेली काळी माती खरवडून काढा, पत्रा तिथूनच सडतो. रंगकाम सगळ्यात शेवटी. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून चकचकीत करून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा.

ब्रेक झाले की कॉम्प्रेशनचे चारही आकडे, ऑइल टाकण्याआधीचे आणि नंतरचे, लिहून पाठवा. सोबत रेडिएटरच्या तोंडातून काढलेला आतला फोटो जोडा. साठ हजारांचं काय करायचं ते त्यावरून ठरवू.